एक चालू, एक राखीव

दोन लष्करी ठाणी एकत्र करायची म्हणजे नेमकं काय करतात, याची मला पूर्वी कल्पना नव्हती. मला वाटायचं, दोन्हीकडचे साहेब हस्तांदोलन करत असतील, बँड वाजत असेल, जिलेबी वाटत असतील आणि झालं. प्रत्यक्षात हे प्रकरण पाण्याच्या पंपापासून सुरू झालं आणि येत येत माझ्यापर्यंत आलं.

आमचा मकरंद आर्मीच्या डेपोत हिशेबनीस आहे. गणवेशातला नव्हे, साध्या शर्टातला. त्याच्याबरोबर मी, माझी बायको प्रमोदिनी, सून यामिनी आणि नात रुचा असे आम्ही सगळे डेपोच्या क्वार्टरमध्ये राहतो. पत्ता लिहिताना चेन्नई असं लिहायचं, पण सेंट्रलहून गाडीत बसलं की आधी शहर संपतं, मग एक तळं येतं, तेही संपतं आणि त्यानंतर आमचं फाटक. डेपोला लागूनच एअर फोर्सचं स्टेशन आहे. मधे एक लांबलचक भिंत. भिंतीच्या अलीकडे सगळं हिरवं रंगवलेलं, पलीकडे सगळं निळं.

दोन हजार सहा साली दिल्लीत कोणाच्या तरी लक्षात आलं की, ही दोन ठाणी इतकी शेजारी आहेत तर सगळं दोन-दोन कशाला? दोन पंप, दोन दवाखाने, दोन कँटीन, दोन भोंगे. (आमचा भोंगा आधी वाजायचा आणि त्यांचा मागून. मधल्या वेळात नेमके किती वाजलेत हे या परिसरात कोणालाच माहीत नसायचं.) तेव्हा हुकूम निघाला की भिंत पाडायची, दोन्ही मिळून एकच ठाणं करायचं, आणि जिथे एकाच कामाच्या दोन वस्तू असतील तिथे एक चालू ठेवायची, एक राखीव. जी जुनी असेल ती राखीव.

आधी पंप सामायिक झाला. पुढचा बळी आमचा आगीचा बंब. हवाई दलाचा बंब नवा, लालबुंद. आमचा थोडा पोक काढलेला. आमचा राखीव झाला.

"राखीव म्हणजे भंगार नाही, मोघे सार," असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या वेंकटरमणनी मला समजावलं. ते मकरंदच्याच कचेरीत आहेत आणि या एकत्रीकरणाच्या समितीचे चिटणीस. आमचं बोलणं हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांत चालतं. "राखीव बंब रोज सकाळी पंधरा मिनिटं सुरू करायचा. नाहीतर बॅटरी उतरते."

मी रोज सकाळी गॅलरीत चहा पिताना ते पाहायचो. तो बंब जागच्या जागी घरघरायचा, धूर सोडायचा, मग कोणीतरी किल्ली फिरवून त्याला गप्प करायचं. कुठे जाणं नाही, येणं नाही. मला त्याची फार कीव यायची. पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असतं, तर मी ती कीव अशी सढळ हाताने खर्च केली नसती. थोडी घरच्या उपयोगासाठी ठेवली असती.

आता माझ्याविषयी. मी साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निवृत्त झालो म्हणजे पगार थांबला, शिकवणं नाही. डेपोत बारा-पंधरा मराठी घरं आहेत. त्यांची मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, खेळताना तमिळ आणि हिंदी बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पडतं ते आई रागावली की. म्हणून मी दर रविवारी सकाळी नऊला, बंबाच्या शेडमागच्या खोलीत, मराठीचा वर्ग सुरू केला. वाचन, शुद्धलेखन आणि शेवटी पावकी, निमकी, पाऊणकी. हल्ली ही अपूर्णांकांची पाढेसंस्कृती नष्ट होत चालली आहे. मी तिला शेडमागच्या खोलीत आश्रय दिला होता. मुलांच्या बाबतीत मी अत्यंत सहनशील माणूस आहे. एकच चूक कोणी वीस वेळा केली तरी मी एकविसाव्यांदा तितक्याच गोडीने सांगतो. मात्र माझ्या सहनशीलतेला वयोमर्यादा आहे. ती बाराव्या वर्षी संपते.

राघोत्तम राव बहात्तर वर्षांचे होते.

हे राव भिंतीपलीकडे, जावयाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा किडकिडीत माणूस रविवारी सकाळी नऊलाच, आपल्या बाजूच्या एका खोलीत, मुलांना जमवून मराठी शिकवायचा. कसलं मराठी? "तम्ही आलांत की? बसा की," असलं. आणि त्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे.

हसण्याचं मला वावडं नाही. माझ्या वर्गातही मुलं हसत. एकदा माझी खुर्ची मोडली तेव्हा तर पुष्कळ हसली. पण रावांकडचं हसू दर रविवारी, खुर्ची न मोडता, भिंतीवरून येऊन माझ्या शुद्धलेखनात पडायचं. भिंतीला एका जागी भगदाड होतं. माझ्या वर्गातली मुलं एकेक करून त्या भगदाडातून पलीकडे झिरपू लागली. आधी अद्वय गेला. मग दोघी बहिणी गेल्या. जाताना "नमस्कार सर" म्हणून गेल्या, हे अधिक लागलं.

"अहो, त्या रावांचं नाव तुम्ही दिवसातून जितक्यांदा घेता," प्रमोदिनी म्हणाली, "तितक्यांदा रामाचं घेतलं असतंत तर तो एव्हाना भेटायला आला असता."

"मी नाव घेत नाही. मी परिस्थितीचा आढावा घेतो."

"मग आढावा घेताना पोळी गिळा आधी."

खालच्या मजल्यावर विशालाक्षी मामींना हे कळलंच. वेंकटरमण यांच्या त्या पत्नी. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. "क्लास नंतर सुंडल द्या सार. देवळात गर्दी का होते? सुंडलमुळे." सुंडल म्हणजे प्रसादाचे फोडणीचे चणे. राव म्हणे मुलांना मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, देत. मी लगेच पोह्यांचा चिवडा करवला. पातळ पोहे मिळवायला वेस्ट मांबलमपर्यंत गाडीने जाऊन आलो, येताना उभ्याने आलो, पोह्यांचा चुरा होऊ नये म्हणून पिशवी डोक्यावर धरून आलो. रविवारी वर्गाच्या सुरुवातीलाच चिवडा वाटला. आणि ही माझी चूक झाली. मुलांनी पुड्या घेतल्या, "थँक्यू सर" म्हटलं, आणि भगदाडातून पलीकडे जाऊन चिवडा रावांच्या मुरुक्कूबरोबर खाल्ला. दोन ठाण्यांमधली संसाधनांची पहिली अधिकृत देवाणघेवाण ती. तिची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

यानंतरच्या रविवारी रुचा म्हणाली, "आजोबा, मी आज शरण्याकडे बॅडमिंटन खेळायला जाऊ?"

रुचा आठ वर्षांची. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि त्या दिवशी जवळजवळ एकमेव. पावकी तिला झोपेत येते. मी म्हटलं, "जा." ती गेली. रॅकेट घरीच राहिली होती.

मी ती रॅकेट हातात घेऊन बराच वेळ बसलो. आयुष्यभर लोकांची मुलं शिकवली, तेव्हा ती दुसऱ्या वर्गात गेली तर वाईट वाटायचं नाही, जूनमध्ये जायचीच. पण स्वतःच्या नातीने, खोटं बोलून, मुरुक्कूच्या देशात जावं? तिला विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलंही असतं. पण विचारायचं कोणी? मी? मी उठलो आणि रॅकेट तिला नेऊन देण्याच्या उदात्त हेतूने भगदाडाकडे गेलो.

भगदाड मुलांच्या मापाचं होतं. मी ओणवा होऊन डोकं आणि खांदे पलीकडे काढले. समोरच रावांच्या वर्गाची खिडकी. बाजूला तो सामायिक झालेला पंप इतक्या जोरात चालू होता की आतला एक शब्द ऐकू येईना, पण दिसत सगळं होतं. आमची रुचा फळ्यापाशी, हातात छडी घेऊन एकेका अक्षरावर ठेवत होती. मुलं ओरडून म्हणत होती. आणि मागच्या बाकावर राव बसून हसत होते! मी फळ्याकडे नीट पाहिलं. सगळी अक्षरं तमिळ.

तर हा यांचा मराठी वर्ग! मराठीच्या नावाखाली माझ्या नातीकडून तमिळ घोकून घेतलं जात होतं. मला भयंकर संताप आला आणि, खरं सांगायचं तर, त्याहून भयंकर आनंद झाला. चांगलं सबळ कारण मिळाल्याशिवाय मास्तराला मत्सर करता येत नाही. आता ते मिळालं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या पहारेकऱ्याने मला पाहिलं.

"हॉल्ट!" तो ओरडला. "हिलना नहीं!"

मी मागे सरकू लागलो, तर अलीकडचा पहारेकरी ओरडला, "ए, कौन है? हिलना नहीं!"

मी दोन्ही सूचनांचं पालन केलं. मग त्या दोघांमध्ये, मला मधे ठेवून, चर्चा सुरू झाली. पलीकडचा म्हणाला, माणूस हवाई दलाच्या हद्दीत शिरलाय, आम्ही पकडणार. अलीकडचा म्हणाला, पाय आमच्याकडे आहेत, माणूस पायाने शिरतो. वरिष्ठांना फोन झाले. संयुक्त ठाणं एक तारखेपासून अस्तित्वात येणार होतं, त्यामुळे तोवर मला संयुक्तपणे पकडता येत नव्हतं. माझा तोंडाकडचा भाग निळ्या अंमलाखाली, उरलेला हिरव्या, आणि हातात रॅकेट. उरलेल्या भागामागून प्रमोदिनीचा आवाज आला, "हे आमचेच आहेत हो," आणि त्यात अभिमान फारसा नव्हता.

तोंडाकडच्या बाजूला राव आले. हातात पितळी पेला आणि वाटी. खाली बसले, कॉफी दोन वेळा उंचावरून ओतली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या की, सार. तम्ही दमलांत."

शत्रूची कॉफी घेऊ नये असं मला वाटत होतं. पण तिचा वास माझ्यापेक्षा खंबीर होता.

"तमची नात बहु शाणी अहे," राव म्हणाले. "अम्हाला ती शिकवत्ये."

पाहा! मुलांनी मास्तरांना शिकवायचं, हा यांचा वर्ग. वर तोंडावर सांगतात. मी कॉफी संपवली, पण आभार अर्धेच मानले. दोन्ही दलांचे साहेब येईपर्यंत मी तिथेच होतो. अखेर रावांनी "हे मास्तर अहेत, मोठे मास्तर" अशी ग्वाही दिली आणि मला सोडलं. ज्याचं बिंग फोडायचं त्याच्याच जामिनावर सुटण्याइतकं मानहानीचं दुसरं काही नसेल.

संध्याकाळी वेंकटरमण म्हणाले, "तक्रार करा सार. लेखी. तीन प्रती."

मी तीन प्रती केल्या. हस्ताक्षर माझं पूर्वीपासून चांगलं आहे. संयुक्त ठाण्यात मराठीच्या नावाखाली अन्य भाषा शिकवून पालकांची दिशाभूल होत आहे, सबब फळ्याची समक्ष तपासणी व्हावी, अशी मागणी केली. घरी मकरंद म्हणाला, "बाबा, नका ना यात पडू." यामिनीने त्याला डोळ्याने गप्प केलं. रुचा माझ्याकडे पाहत होती. जेवताना तिने माझ्या ताटात तिच्या वाटणीची कोशिंबीर वाढली, ती मी लाच समजून खाल्ली.

पुढच्या रविवारी समितीचे मेजरसाहेब स्वतः आले. गढवालचे गृहस्थ, त्यांना मराठी येत नव्हतं आणि तमिळही. बरोबर वेंकटरमण, मी, आणि "आज मीही येणार" म्हणून प्रमोदिनी. राव दारात उभे राहिले, सगळ्यांना "या की, या की" म्हणाले. मुलांनी उठून नमस्कार केला. त्यांतली निम्म्याहून अधिक माझी होती.

फळ्यावर तमिळ अक्षरं भरगच्च. मी बोट दाखवलं. "साहेब, पाहा. हे मराठी आहे?"

मेजरसाहेबांनी पाहिलं. मग वेंकटरमण यांना म्हणाले, "वाचा."

वेंकटरमण यांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "एक पाव पाव. पे पाव अर्ता. तीन पाव पाउण." ते थांबले. पुन्हा वाचलं. कपाळाला आठ्या घातल्या. "सार, अक्षरं आमची आहेत. पण हे तमिळ नाही. ही कुठली भाषा, मला एक शब्द कळत नाही."

मुलं आणि राव सोडले तर खोलीत ती भाषा कळणारा मी होतो. आणि प्रमोदिनी होती, तिने पदर तोंडाला लावला होता.

"चार पाव येक," वेंकटरमण वाचत होते. "आणि खाली लिहिलंय, मोके मास्तर."

माझी पावकी. तमिळ लिपीत ब, ध, घ नाहीत, म्हणून 'बे'चा 'पे' आणि मोघ्यांचा मोके झाला होता. शेडमागच्या खोलीत जिला मी आश्रय दिला होता, ती भगदाडातून पळून इथे येऊन राहिली होती, दुसऱ्याच कपड्यांत.

"अम्हाला बाळबोध वाचता येत नाही, सार," राव मला म्हणाले. "घरांत मराठी बोलतों, लिहितों मात्र तमिळ अक्षरांत. माझा बापही तसाच, त्याचा बापही तसाच. ही पावकी माझी अज्जी म्हणायची. मी विसरून गेलेलों. तमच्या नातीनं एक दिवस खेळतां खेळतां म्हटली, तेव्हां आठवली. मिणून तिला म्हटलं, बाई, सगळी शिकव. अम्ही लिहून घेतों."

"आजोबा," रुचा हळूच म्हणाली, "तुमचं नाव मी घालायला लावलं."

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असावं, असं वाचकांना वाटेल? कृतज्ञता? ओशाळलेपण? ते आलं, पण नंतर. आधी आलं ते हे: घरी हीच मुलगी पावकी म्हण म्हटलं की पोट दुखतं म्हणून सांगते. इथे छडी घेऊन शिकवते. मी तिला विद्यार्थिनी केलं होतं, यांनी मास्तरीण केलं. हे मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं, आणि मला रावांचा इतका हेवा वाटला की कानशिलं गरम झाली.

मेजरसाहेबांना मात्र या भावनांशी देणंघेणं नव्हतं. ते कागद चाळत होते. "वेंकटरमण, आपल्या यादीत हा तमिळ वर्ग म्हणून आहे."

"होय सार. मी दारातून फळा पाहिला होता. अक्षरं तमिळ, म्हणून तमिळ वर्ग लिहिलं."

"म्हणजे एक तमिळ, एक मराठी. दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून आपण दोन्ही चालू ठेवल्या होत्या." त्यांनी माझ्या तक्रारीची प्रत वर काढली. "आता मोघेसाहेबांमुळे सिद्ध झालं की दोन्ही मराठीच आहेत. एकाच कामाच्या दोन वस्तू." त्यांनी माझ्याकडे अत्यंत आदराने पाहिलं. "आपण लक्षात आणून दिलंत, धन्यवाद. यांतला जुना वर्ग कोणता?"

आता, प्रश्न असा विचारला की मास्तराच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडतं. त्यात रावांसमोर विचारलेला.

"अर्थात माझा!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "या परिसरातला सगळ्यात जुना!"

प्रमोदिनीने डोळे मिटले. वेंकटरमण यांनी खेदाने मान हलवली आणि लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर एक थोडा पोक काढलेला बंब उभा राहिला.

एक तारखेला भिंत पडली. दोन भोंग्यांपैकी त्यांचा उरला. आता आम्हाला वेळ कळते. रविवारच्या मराठीसाठी नवा संयुक्त हॉल मिळाला, पंखा, मोठा फळा, सगळं. चालू मास्तर: राघोत्तम राव. राखीव मास्तर: बाळकृष्ण मोघे. कागदावर खाली वेंकटरमण यांनी, आपण होऊन, नियमानुसार एक ओळ घातली होती की राखीव मास्तरांना प्रत्येक वेळी आधी पंधरा मिनिटं चालवावं.

"जाणार आहात?" प्रमोदिनीने विचारलं.

"मी काय बंब आहे?" मी म्हणालो.

"नाही हो. बंबाला राग येत नाही."

तिने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. बंब तेव्हाच शेडपाशी घरघरत होता. मी त्याच्याकडे न पाहता पुढे गेलो.

हॉलमध्ये दोन्हीकडची सगळी मुलं होती. इतकी मुलं माझ्यासमोर साताऱ्यानंतर पहिल्यांदाच बसली होती. शेवटच्या बाकावर, अद्वयच्या शेजारी, राव पाटी घेऊन बसले होते. मी खडू घेतला आणि 'अ' काढला, बाळबोध, मोठा, गोलाई नीट दाखवून. मुलांना तो येत होता. शेवटच्या बाकावरून पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. मी खाली उतरून पाहिलं. रावांचा 'अ' डावीकडे कलला होता.

"पुन्हा काढा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा कलला. मी पुन्हा सांगितलं, तितक्याच गोडीने. माझी वयोमर्यादा बरीच वर सरकली असल्याचं मला त्या वेळी जाणवलं, पण वर्गात अशा गोष्टींचा विचार करत बसता येत नाही. 'अ' झाला, 'आ' झाला, मग मी पावकीकडे वळलो. मुलांनी छप्पर दणाणून सोडलं. 'चार पाव एक' झालं आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

मी खडू फळ्यापाशी ठेवला, हात झटकले. "राव, माझी वेळ झाली. या तुम्ही."

राव उठले नाहीत. पाटी पुसत, मान खाली घालून म्हणाले, "इंजन अजून तापलं नाही, सार. चालूच राहूं दे."

सगळी मुलं हसली. रुचा सगळ्यांत मोठ्याने हसली.

मी खडू उचलला आणि निमकी सुरू केली. रुचा रावांच्या वाक्याला हसली, माझ्या नाही, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.